चाळीस चित्रं आणि एक वायर

नानांना झटका येऊन दोन आठवडे झाले होते, आणि मी तीन दिवस प्रिंटर दुरुस्त करत बसलो होतो. हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं. पण झालं ते असंच झालं, आणि त्यात मला बरं दिसेल असं काही घालायचं म्हटलं तर आमच्या घरात साक्षीदार फार आहेत.

नाना म्हणजे माझे वडील. मनमाडला रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. तिथेच त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं आणि रिटायर झाल्यावरही आई आणि ते तिथेच राहिले. दसऱ्याला चार दिवसांसाठी म्हणून दोघं नाशिकला आमच्याकडे आले होते. पाचव्या दिवशी सकाळी परतीची पिशवी भरून झाली, नाना चपला घालायला वाकले आणि तसेच कलंडले. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की त्यांना सगळं कळतं, सगळं ऐकू येतं, काय म्हणायचंय तेही मनात तयार असतं, फक्त शब्द हाताला लागत नाही. त्यांच्याकडे दोनच शब्द उरले होते: "हो का." पाणी हवं असलं तरी "हो का", पाय दुखला तरी "हो का", रडू आलं तरी "हो का". आयुष्यभर आम्ही काही सांगायला गेलो की ते ज्या सुरात "हो का" म्हणायचे, अगदी त्याच सुरात. त्यामुळे पहिले काही दिवस मला उगाच वाटत राहिलं की ते माझं म्हणणं ऐकून घेतायत.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम यायला लागल्या. शुक्रवारी त्यांनी माझ्या फोनवर एक फाइल पाठवली. चाळीस चित्रं होती. पाणी, संडास, दुखतंय, थंडी वाजते, पंखा, झोप, अशी. प्रत्येक चित्राखाली मोठ्या अक्षरात शब्द.

"आजच प्रिंट काढा, जाड कागदावर," त्या म्हणाल्या. "कापून त्यांच्या समोर ठेवा. हवं त्यावर ते बोट ठेवतील. आणि उशीर करू नका हं. माणसाला सारखं सांगून कुणाला कळत नाही ना, मग तो एक दिवस सांगायचं सोडून देतो. एकदा सोडलं की परत सुरू करणं फार अवघड जातं. मंगळवारी येते मी."

नाना पलंगावरून ऐकत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून सांगितलं, "नाना, संध्याकाळपर्यंत चित्रं तयार! मग काय पाहिजे ते बोट ठेवून सांगायचं!"

"हो का," नाना म्हणाले. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले होते.

मॅडम जिन्यावरून खाली पोचल्याही नसतील, तोच बायको म्हणाली, "अहो, तो फोन घ्या आणि खाली झेरॉक्सवाल्याकडे जा. दहा मिनिटांचं काम आहे."

"घरात प्रिंटर असताना?"

"घरात प्रिंटर असतानाच म्हणतेय मी."

यामागे इतिहास आहे. तो प्रिंटर मी तीन वर्षांपूर्वी सगळ्यांच्या विरोधात जाऊन घेतला. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि शाळेच्या संगणक समितीचा प्रमुख आहे. एकदा स्नेहसंमेलनात बंद पडलेला प्रोजेक्टर मी चालू केला होता, एवढ्यावर ते पद मिळालं. तो बंद का पडला होता आणि चालू का झाला, हे मला आजही माहीत नाही. पण पद मिळाल्यावर माणूस तसा वागायला लागतो.

खरं कारण मात्र ते नव्हतं. दोन आठवडे घरात सगळं बाकीचेच करत होते. बायको नानांना भरवायची, पुसून काढायची, चादरी बदलायची. आई तासन् तास त्यांच्या पायाला तेल चोळायची. मी दारात उभा राहून विचारायचो, "नाना, काही हवंय का?" बोलता न येणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणारा घरात मी एकटाच. तेव्हा हे एक काम, वायर आणि बटणांचं, माझं होतं. ते मला झेरॉक्सवाल्याला द्यायचं नव्हतं.

कॉम्प्युटर मुलीच्या खोलीत होता. मुलगी शिकायला पुण्याला, म्हणून नानांचा पलंगही त्याच खोलीत टाकलेला. त्यामुळे पुढचं सगळं नानांच्या डोळ्यांसमोर झालं. मी फाइल उघडली, प्रिंटचं बटण दाबलं आणि मागे टेकून बसलो. काही झालं नाही. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, कागद भरलेला, आणि स्क्रीनवर लिहून आलं होतं: प्रिंटर ऑफलाइन. मी परत दाबलं. मग अजून एकदा, जरा जोरात. माउसचं बटण जोरात दाबल्याने फरक पडतो अशी माझी आतून समजूत आहे. बंद करून चालू केलं. वायर काढून परत घातली. तेव्हा "यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड" असा एक निरोप खालच्या कोपऱ्यात येऊन गेला. म्हणजे वायरीच्या पलीकडे काहीतरी आहे हे कॉम्प्युटरला कळत होतं, पण ते कोण आहे ते कळत नव्हतं.

मागे नाना काहीतरी म्हणाले, म्हणजे "हो का" म्हणाले. वळून पाहिलं तर त्यांचा डावा हात वर होता, बोट माझ्या दिशेने.

"काय नाना? पाणी?"

मान नाही अशी हलली.

"लघवी?" मी भांडं आणलं. त्यांनी ते डाव्या हाताने असं ढकललं की ते कपाटाखाली गेलं.

"पंखा वाढवू? कमी करू? टीव्ही? अंगावर घेऊ?" दर वेळी नाही. बोट तसंच. शेवटी त्यांनी हात पलंगावर टाकून दिला आणि डोळे मिटले. मी परत स्क्रीनकडे वळलो.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी मुलीला फोन लावला.

"बाबा, रीस्टार्ट केलं का?"

"सात वेळा."

"यूएसबी दुसऱ्या पोर्टमध्ये घातली का? मागच्या?"

"पुढच्या दोन्ही, मागच्या चारही."

"बरं, आता प्रिंटर्सच्या लिस्टमध्ये काय दिसतंय?"

लिस्टमध्ये आमच्या प्रिंटरखाली त्याच नावाचा कॉपी वन दिसत होता, त्याखाली कॉपी टू, कॉपी थ्री, कॉपी फोर, कॉपी फाइव्ह. मी प्रत्येक भोकात वायर घालून बघितली होती, आणि त्या प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने पुसटशी ओळख पटताच नवीन प्रिंटर आला असं समजून त्याची नोंद करून ठेवली होती. घरात एक प्रिंटर, तोही बंद, आणि यादीत सहा.

"बाबा, तुम्ही मला वर्णन सांगू नका, फोटो पाठवा."

फोटो पाठवला. ती तो मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, चाळीस पानांची ती फाइल तुम्ही अकरा वेळा पाठवलीय प्रिंटला."

"एकदा तरी लागेल म्हणून."

"ती सगळी रांगेत उभी आहे. आधी रांग रिकामी करा." मग हळूच, "बाबा, आजोबा कसे आहेत?"

"बरे आहेत," मी म्हणालो. "चित्रं निघाली की अजून बरं होईल."

रांग रिकामी करायला घेतली तर प्रत्येक ओळीपुढे "डिलीटिंग" असं आलं आणि तसंच राहिलं. तासभर. आई चहा घेऊन आली आणि माझ्या मागे उभी राहिली. आईचं माहेर सायखेड्याचं, आणि पन्नास वर्षं मनमाडला काढूनही तिचं बोलणं अजून तिकडचंच आहे.

"काय रं, एवढा शिकलेला तू," ती म्हणाली, "अन् एक कागद निघंना तुझ्याच्यानं?"

"आई, कागदाचा प्रश्न नाही. ड्रायव्हर करप्ट झालाय."

"कोन झालाय?"

"काही नाही."

"ह्यांला विचार की. ह्यांनी जन्मभर वायरीच पाहिल्या." आणि मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

नाना दुपारभर अधूनमधून हात उचलत होते. बायको येऊन त्यांच्याशी माझ्यापेक्षा शहाणपणाने वागली. एकेक वस्तू हातात घेऊन दाखवली: चष्मा, रेडिओ, पेपर, उशी, देवाचा फोटो. नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा ती थांबली. "उद्या चित्रं येतील ना, मग सांगा," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथे लिहीत नाही.

त्या संध्याकाळी बायको जेवण भरवत असताना मी पुन्हा विचारलं, "नाना, काय सांगत होता?" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. हात उचलला नाही. "हो का"सुद्धा म्हणाले नाहीत. मॅडम जे म्हणाल्या होत्या ते हेच, हे मला तिथल्या तिथे कळलं. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस फोन घेऊन जिना उतरला असता. मी जेवून परत कॉम्प्युटरसमोर बसलो, कारण मला आता थांबता येत नव्हतं. आपण चुकलोय हे कळल्यावर काही लोक मागे फिरतात. मी वेग वाढवतो.

रविवारी सकाळी बायकोने शेवटचं सांगितलं. "एक वाजेपर्यंतच उघडा असतो झेरॉक्सवाला. मी जाऊ का?"

"मी जातो. फक्त एकदा सगळं काढून नव्याने टाकून बघतो."

सगळं काढलं, प्रिंटरचं सगळं सॉफ्टवेअर; यादीतले खोटे प्रिंटर तेवढे हलले नाहीत. नवीन टाकायला सुरुवात केली. ते डाउनलोड व्हायला तास लागला. मग त्याने सांगितलं, "प्रिंटर आता यूएसबीने जोडा." जोडला. "प्रिंटर सापडत नाही. वायर तपासा." वायर तपासली, म्हणजे मधोमध हातात धरून तिच्याकडे बघितलं. पुन्हा जोडला, पुन्हा सापडला नाही. असं करता करता मी घड्याळात पाहिलं तर पावणेदोन झाले होते.

बायको स्वयंपाकघरातून आली, घड्याळाकडे पाहिलं, माझा फोन जरा माझ्याकडे सरकवला आणि परत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी टेबलावर कोपरं टेकून, डोकं हातात धरून बसलो. शुक्रवार, शनिवार, रविवार. नाना तीन दिवस वाट बघत होते, आणि माझ्याकडे त्यांना दाखवायला पाच खोटे प्रिंटर होते. एका आजारी म्हाताऱ्या माणसाचं तोंड मी माझ्या हट्टापायी तीन दिवस बंद ठेवलं होतं. याला दुसरा शब्द नाही.

तेवढ्यात मागे पलंगाच्या लाकडावर ठकठक झालं. नाना डाव्या हाताच्या मुठीने ठोकत होते. मी वळलो. माझ्या हातात वायरीचं कॉम्प्युटरकडचं टोक होतं. नानांनी बोट दाखवलं. भांडं आणायला मी उठणार होतो, पण ते बोट माझ्याकडे नव्हतं. माझ्या कानाजवळून पलीकडे जात होतं.

"हे?" मी हातातलं टोक दाखवलं. मान नाही.

मी वायरीवरून हात सरकवत गेलो. "हे? हे? इथे?" लहानपणी आम्ही लपवलेली वस्तू शोधायचा खेळ खेळायचो, तसं. हात प्रिंटरच्या मागे पोचला तेव्हा नाना म्हणाले, "हो का!" हे पहिलं "हो का" होतं ज्याचा अर्थ हो असा होता. मग त्यांनी दोन बोटं एकत्र धरून मनगट ओढल्यासारखं केलं. काढ ती.

तेव्हा मला आठवलं. मी लहान असताना ते रात्रपाळीहून आले की आईला सांगत, अमुक सिग्नल बंद पडला, तमक्या माणसाने एवढी केबल उकरून काढली, आणि फॉल्ट होता केबल जोडायच्या डब्यातल्या टोकाला. त्यांच्या कामाची पद्धतच ती होती. आधी दोन्ही टोकं उघडून बघायची, मग बाकीचं. मी तीन दिवस एकच टोक बघत होतो. दुसरं टोक प्रिंटरच्या मागे, भिंतीच्या बाजूला होतं, आणि प्रिंटर पुढे ओढायचा कंटाळा.

प्रिंटर ओढला. वायर काढली. मोबाइलचा टॉर्च मारला. मागच्या त्या चौकोनी भोकात काहीतरी पिवळं लाल दिसत होतं. बटण बंद करून, प्लग काढून, बायकोच्या साडीच्या पिनेने मी ते हळूहळू उकरलं. वाळलेल्या कुंकवाचा खपला निघाला, आणि त्याच्यामागून तांदळाचा एक दाणा. हळद लावलेला. अक्षता.

"आई!"

आई आली. मी तळहातावरचा दाणा दाखवला. तिने बघितला आणि तिला कळायला एक क्षणही लागला नाही.

"खंडेनवमीला पूजा नाय का केली आपुन? मशीन हाय का नाय ते? शिलाई मशीनची केली, मिक्सरची केली, तुझ्या गाडीची केली. मग ह्याला का ठेवायचं?"

"पण आत का लावलंस?"

"त्या दिशी हत्याराला इसावा द्यायचा असतो. चालवायचं नसतं. म्हनून म्या वायर काढली. अन् वायर जिथून आत जाती तिथंच लावलं कुंकू. ते त्याचं तोंड नाय का?" मग आवाज खाली आणून, "दुसऱ्या दिशी परत खोचली जशीच्या तशी. जरा दाबून बसवावी लागली."

दाबून बसवावी लागली! नाना त्या वेळी इथेच खुर्चीत पेपर वाचत बसले असणार. त्यांनी ते पाहिलं होतं. शुक्रवारपासून ते हेच सांगत होते, आणि मी त्यांच्यासमोर लघवीचं भांडं धरत होतो. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसत होती. उजवी आपल्या जागी होती.

मलाही हसू आलं. बायको दारात येऊन हसायला लागली. आई मात्र हसत नव्हती. ती पलंगाच्या कडेला बसली.

"म्या ह्यांच्या हातालाबी लावलं व्हतं कुंकू त्या दिशी," ती म्हणाली. "उजव्या हाताला. ते म्हनाले, हे काय येड्यावानी. म्या म्हनलं, जन्मभर ह्याच हातानं काम केलं ना, मग हत्यारच झालं की. अन् दोन दिसांनी त्योच हात..."

"आई, त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी सांगितलं ना, बीपी होतं त्यांचं."

"नाय, संबंध नाय," ती म्हणाली. पण तिने नानांचा उजवा हात मांडीवर घेतला आणि पदराच्या टोकाने तळव्यावरचं काहीतरी पुसत राहिली. तिथे काहीच नव्हतं. मी बराच वेळ प्रिंटरकडे बघत उभा राहिलो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना.

नानांच्या पाठीला चोळायला आणलेलं स्पिरिट होतं. कापसाच्या काडीने ते भोक पुसलं, वाळू दिलं, वायर घातली. कॉम्प्युटरने टुंग असा आवाज केला आणि अडकलेलं सॉफ्टवेअर पुढे सरकलं. पुण्याहून मुलीने फोनवर अडकलेली रांग आणि पाचही खोटे प्रिंटर एकेक करून माझ्याकडून काढवले आणि खरा एक ठेवला. कागद आत गेला, घरघर झाली, आणि तीन दिवसांनी पहिलं चित्र बाहेर आलं. तीन आठवडे न वापरल्यामुळे निळी शाई वाळून गेली होती. पाण्याचा ग्लास सरबतासारखा पिवळसर आला. डोकं दुखणाऱ्या माणसाचा निळा सदरा नुसता पांढरा, आणि चेहरा होळी खेळून आल्यासारखा गुलाबी. पण खालचे शब्द काळे, ठळक होते. चाळीसच्या चाळीस निघाली. बायकोने ती कात्रीने कापली आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांवर चिकटवली. या सगळ्याला संध्याकाळचे सहा वाजले.

आम्ही नानांना उशांना टेकवून बसवलं आणि समोर गठ्ठा ठेवला. मी म्हणालो, "नाना, घ्या. सांगा आता." मला वाटतं मी चक्क टाळ्या वाजवायच्या तयारीत होतो.

नानांनी डाव्या हाताने एकेक चित्र उचललं, बघितलं, बाजूला ठेवलं. घाई नाही. पाणी बाजूला. पंखा बाजूला. दुखतंय, हे जरा जास्त वेळ धरलं आणि बाजूला ठेवलं. सव्विसावं की सत्ताविसावं असेल, ते त्यांनी उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

घर. उतरतं छप्पर, वर धुराडं, समोर फुलझाडं. असं घर आमच्या अख्ख्या जिल्ह्यात कुणाचं नाही.

"हो, घर," मी म्हणालो. "घरीच आहोत ना आपण. हॉस्पिटल संपलं आता."

मान नाही. चित्र परत पुढे.

"हे घर, नाना. आपलं घर."

मान नाही. या वेळी त्यांनी चित्र माझ्या छातीला टेकवलं.

"मनमाड म्हनत्यात ते," आई दारातून म्हणाली.

तिने सांगायची गरज नव्हती. मला तिच्या आधी कळलं होतं. ते चार दिवसांसाठी आले होते. त्यांची भरलेली पिशवी अजून आमच्या बेडरूममध्ये कपाटावर होती आणि ती उघडायचं काम आम्ही दोघंही एकमेकांवर टाकत होतो. तिकडच्या घराचा संडास मागच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून. नळाला पाणी येतं कित्येक दिवसांनी, आणि आलं की पिंपं भरायला धावावं लागतं. आईचं वय सत्तरच्या पुढे, तिला नानांना कुशीवर वळवणंसुद्धा एकटीला जमत नव्हतं. माझी नोकरी इथे, डॉक्टर इथे. हे सगळं मला पाठ होतं. त्यातलं काहीच मी त्यांना सांगितलं नाही.

"बरे झालात की लगेच जाऊ," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे बघितलं आणि चित्र खाली ठेवलं.

मंगळवारी मॅडम आल्या आणि खूश झाल्या. "दोन दिवसांत स्वतःहून मागायला लागले? फारच छान! काय मागतात?"

"घर," बायको म्हणाली.

"मग दाखवलंत का घर फिरवून? व्हीलचेअरवर?"

मी चित्रांचा गठ्ठा सारखा करायला लागलो. मग बायकोने मनमाडचं सांगितलं. मॅडमनी वही मिटली. "एक लक्षात ठेवा," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांनी विचारलं की खरं उत्तर मिळालं पाहिजे. हो असेल तर हो, नाही तर नाही. टोलवाटोलवी केली तर या चित्रांचा काही उपयोग नाही. त्यांना सगळं कळतंय."

दिवाळी त्या वर्षी दारात पणती लावण्यापुरती झाली. नाना रोज चित्र दाखवत होते. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी, मी चपला काढून आत आलो की. मी म्हणायचो, थंडी जाऊ द्या. डॉक्टरांना विचारतो. पाय जरा सुधारू द्या. शाळेला सुट्टी होती, तरी मी सहामाहीचे पेपर तपासायला शाळेत जाऊन बसायला लागलो. रिकाम्या स्टाफरूममध्ये पन्नास मुलांनी पन्नास ठिकाणी काढलेली गोदावरी बघत बसायचो. प्रिंटर बंद होता तेव्हा निदान एक सोय होती, त्यांना काय हवंय ते आम्हाला कळत नव्हतं.

"तुम्ही नसता तेव्हा ते मला दाखवतात," एक दिवस बायको म्हणाली. "आईंना दाखवतात. आई रडायला लागतात. मी काय सांगू? तुम्ही त्यांचा मुलगा आहात हो. तुम्ही सांगा."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यापाशी बसलो. चित्र त्यांच्या हातातच होतं. कडा मऊ पडल्या होत्या.

"नाना," मी म्हणालो, "मनमाडला राहायला आता जाता यायचं नाही. तिथे तुमचं होणार नाही आणि आईला एकटीला झेपणार नाही. इथेच राहायचं आहे. आमच्याकडे."

एवढं बोलायला मला आठवडा लागला आणि अर्धं मिनिटही लागलं नाही. नानांनी ऐकलं. नक्की ऐकलं, कारण ते "हो का" म्हणाले नाहीत. मला वाटलं ते रडतील, चित्रं भिरकावतील. त्यांनी ते घराचं चित्र चादरीवरून बोटाने माझ्याकडे सरकवलं. हळूहळू, पलंगाच्या कडेपर्यंत. खाली पडायच्या आत मी ते झेललं. मग त्यांनी गठ्ठ्यातून "झोप" काढलं आणि दाखवलं. मी उशा काढल्या, त्यांना आडवं केलं, पडदा ओढला.

त्यानंतर ते मागतात ते पाणी, चहा, पंखा, कधी पाय चेपून द्या. आमचं चांगलं चाललं आहे, येणारे जाणारे तसं म्हणतात. पिशवी बायकोने उघडली आणि त्यांचे कपडे माझ्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात लावले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी चित्रं मोजली.

"एकोणचाळीसच आहेत. कुठलं गेलं?"

"असेल इथेच कुठेतरी," मी म्हणालो. ते माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यात होतं.

"मग एक परत काढून ठेवा ना. घरीच तर प्रिंटर आहे."

मी मान हलवली. नाना छताकडे बघत होते. ते चित्र मी अजून काढलेलं नाही.